बस्ता बांधलाच नाही : टाळेबंदीत दुकानाचा पैसा अडकला कुठं?

२०२० चा गुढीपाडवा २५ मार्चला आला. आदल्या रात्री आठला पंतप्रधान टीव्हीवर बोलले आणि बारा वाजल्यापासून करोनामुळं २१ दिवस देश बंद. परभणी जिल्ह्यातल्या सेलूला आमच्या दादाचं कापडाचं दुकान आहे. पाडव्याला सकाळी दुकानात पूजा, वहीचं नवं पान, त्यावर हळद-कुंकू, आणि दहा वाजल्यापासून जुन्या उधारीची वसुली, असा त्याचा कित्येक वर्षांचा शिरस्ता. आमच्याकडं सालगड्याचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याचं, साल पाडव्याला संपतं आणि नवं साल पाडव्यालाच ठरतं. जुना हिशेब मिटतो, नवी उचल हातात पडते आणि त्यातलेच दोन-चार हजार कापडवाल्याकडं, किराणावाल्याकडं वळतात. त्या वर्षी २२ तारखेला जनता कर्फ्यू म्हणून दादानं जे शटर ओढलं ते ओढलंच. पाडव्याला गुढी घरावर उभी राहिली, वही शटरच्या आत राहिली.

चार-पाच दिवसांनी तो मागच्या बोळातून गेला आणि वही काखेत मारून घेऊन आला. वाटेत पोलिसानं हटकलं. "काय आहे ते?" "वही आहे साहेब, उधारीची." त्यानं दोन-चार पानं उलटून पाहिली. नावं आणि आकडे, दुसरं काही नाही. वही परत देत म्हणाला, "कुणाकडं जाऊ नको बरं का मागायला." दादा म्हणाला, "जाऊन तरी कोण देतंय साहेब."

मी परभणीत दुकानदारांचे हिशेब लिहितो, जीएसटीचे रिटर्न भरतो. त्या तीन-चार महिन्यांत मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न हाच : "आमचं दुकान चांगलं चालत होतं, मग महिनाभर बंद राहिल्यावर एवढं हलाखीला कसं आलं?" टाळेबंदीत कोण कसं तगलं हे समजून घ्यायचं तर या प्रश्नापासूनच सुरुवात करावी लागते.

"धंदा तोट्यात गेला" असं आपण सगळेच सरसकट म्हणालो. पण तोटा होणं वेगळं आणि पैसा अडकणं वेगळं. शंभरला घेतलेली साडी नव्वदला विकावी लागली तर तो तोटा. शंभरला घेतलेली साडी कपाटातच पडून आहे आणि ते शंभर रुपये व्यापाऱ्याला उद्या द्यायचे आहेत, तर तोटा एक पैचाही नाही, तरी माणूस बुडू शकतो. मार्चअखेर दादाचा ताळेबंद मीच काढला. कागदावर वर्षाचा नफा चांगला होता. फक्त तो नफा गल्ल्यात नव्हता, तर कपाटातल्या साड्यांत आणि वहीतल्या नावांत होता.

दादाचा महिन्याचा न चुकणारा खर्च असा : दुकानाचं भाडं ९,००० रुपये, दोन पोरांचा पगार १६,०००, बँकेचा हप्ता १६,६०७, लाइटबिल २,२०० आणि घरखर्च १५,०००. झाले ५८,८०७. शटर उघडं असो की बंद, हा आकडा हलत नाही. विक्रीबरोबर कमी-जास्त होणारा खर्च म्हणजे पिशव्या, हमाली, गिऱ्हाइकाचा चहा. दुकान बंद झाल्यावर वाचला तो एवढाच, चहाचा. पुस्तकात याला स्थिर खर्च आणि बदलता खर्च म्हणतात. ज्याचा स्थिर खर्च मोठा, त्याला बंद जास्त झोंबतो. रस्त्यावर रुमाल विकणाऱ्याचा स्थिर खर्च जवळजवळ शून्य, म्हणून त्याचा धंदा बंदनं मरत नाही. त्याचं घर मात्र दुसऱ्याच दिवशी उपाशी पडतं, कारण गाठीलाही काही नसतं. म्हणून 'व्यापाऱ्यांचं नुकसान' म्हणून एकच आकडा कुणी सांगितला की माझा त्यावर विश्वास बसत नाही. एकाची गोष्ट हप्त्याची असते, दुसऱ्याची पिठाच्या डब्याची.

आता वेळ. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो : लग्नाआधी दोन्हीकडची माणसं येऊन नवरा-नवरीचे कपडे, मानाच्या साड्या, आहेराचे टॉवेल-टोपी असं सगळं एकाच दुकानातून एका बैठकीत घेतात, त्याला बस्ता म्हणतात. बस्ता बांधायला वीस-पंचवीस माणसं येतात, गादीवर बसतात, दिवस मोडतात आणि ऐंशी हजार-लाखाचं कापड घेऊन जातात. दादाच्या वर्षाच्या विक्रीतला निम्मा हिस्सा लग्नसराईच्या तीन महिन्यांतला. त्यासाठी त्यानं मार्चच्या पहिल्या आठवड्यात जालन्याच्या ठोक व्यापाऱ्याकडून सात लाखांचा माल भरला होता, ९० दिवसांच्या उधारीवर. म्हणजे टाळेबंदी पडली तेव्हा कपाटं गच्च, गल्ला रिकामा आणि डोक्यावर जूनची तारीख. हीच टाळेबंदी भाद्रपदात, पितृपंधरवड्यात पडली असती तर दादाला तिचा निम्मासुद्धा त्रास झाला नसता. किती दिवस बंद राहिलं यापेक्षा कोणते दिवस बंद राहिलं, याला किंमत जास्त. २६ एप्रिलची अक्षय्य तृतीया गेली, मे महिन्यातली ईद गेली, लग्नाच्या सगळ्या तिथी गेल्या.

जालन्याच्या शेठजींचा रोज फोन. ते बिचारे भांडत नव्हते. "तुमचं काही आलं का, पाहा ना जरा. सुरतवाले मला झोपू देत नाहीत." दादा वही उघडून बसायचा. वहीत कोण? आसपासच्या गावांतले शेतकरी. त्यांच्याकडं पैसे का नव्हते? तर घरात कापूस पडून होता. सेलू, मानवत हा सगळा जिनिंगचा, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्यांचा पट्टा. टाळेबंदी लागली आणि सरकारी खरेदी केंद्रं बंद झाली. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ५,५५० रुपये होता, पण केंद्रच बंद म्हटल्यावर तो भाव कागदावरच. एप्रिलच्या शेवटाला खरेदी हळूहळू सुरू झाली, नोंदणी करा, नंबरची वाट पाहा, ट्रॅक्टरच्या रांगेत उभे राहा. ज्यांना धीर धरवला नाही त्यांनी खासगीत पडत्या भावात घातला.

म्हणजे पाहा : शेतकऱ्याचा कापूस गेला नाही, म्हणून दादाची उधारी आली नाही, म्हणून जालन्याचा चेक वटला नाही, म्हणून सुरतेचे पैसे तुंबले, आणि तिथं कापड विणायचं थांबलं तर सूत कशाला लागतंय आणि जिनिंगवाला कापूस कशाला घेतोय. कापसापासून निघालेली साखळी फिरून कापसाशीच आली. यात लबाड कुणीच नव्हता. प्रत्येक जण खरंच सांगत होता की पुढचा देईना म्हणून मला देता येईना. बाजारात नेहमी पैसा कमी आणि देणीघेणी जास्त असतात. एकच पाचशेची नोट दिवसभरात चार जणांचं देणं फेडते. ती फिरायची थांबली की चौघंही कर्जबाजारी, आणि नोट पहिल्याच्या खिशात घाबरून बसलेली.

हे कळलं की त्या काळातलं एक कोडंही सुटतं. एप्रिलमध्ये बघावं तो भाजी विकायला लागला होता. रिक्षावाला रिक्षात कांदे-टोमॅटो भरून फिरतोय, फोटो स्टुडिओवाला टरबूज विकतोय, एक ओळखीचे मंडपवाले तर मंडपाच्याच बांबूंचा ठेला करून बसले होते. भाजीला परवानगी होती हे खरं, पण तेवढंच कारण नाही. भाजीत पैसा रोज फिरतो. पहाटे मोंढ्यात, म्हणजे ठोक बाजारात, हजाराचा माल, दुपारी बाराशे हातात, उद्या पुन्हा तेच. कापडात तोच हजार वर्षाला तीन-चारदा फिरला तरी लक्ष्मी प्रसन्न. ज्याच्याकडं जेमतेम हजारच उरलेत त्यानं रोज फिरणाऱ्या धंद्यातच उतरायचं असतं, हे कुणी शिकवलं नाही, लोकांना आपोआप कळलं. अर्थात सगळेच भाजी विकायला लागल्यावर दोनशेचे पन्नास झाले. आणि पलीकडं शेतकरी टरबूज ट्रॉलीत घालून गावोगाव दहाला एक देत होता ते वेगळंच.

दुधाचं दुखणं याहून वाईट. भूम, कुंथलगिरी हा खव्या-पेढ्याचा मुलूख. म्हशीचं साधारण पाच लिटर दूध आटवलं की किलोभर खवा. हलवाई बंद, लग्नं बंद, म्हणजे खव्याची भट्टी बंद. पण म्हशीला टाळेबंदी कळत नाही, ती सकाळ-संध्याकाळ दूध देतेच आणि पेंड खातेच. साडी कपाटात वर्षभर थांबते, दूध चार तास थांबत नाही. राज्य सरकारनं रोज दहा लाख लिटर जादा दूध २५ रुपयांनी घेऊन भुकटी करायचं ठरवलं. ज्याचं दूध संघाला जात होतं त्याला थोडा टेकू मिळाला. जो थेट भट्टीवर घालत होता त्यानं घरीच तूप कढवलं.

मदत म्हणून काय आलं? गरिबाला थेट मिळालं ते पहिल्यांदा सांगतो, कारण तेच सगळ्यात सरळ होतं. रेशनवर माणशी पाच किलो धान्य फुकट, जनधन खातं असलेल्या बायांना तीन महिने ५०० रुपये, पीएम-किसानचे २,००० रुपये एप्रिलमध्येच, आणि दहाची शिवभोजन थाळी पाच रुपयांत. ५०० रुपयांसाठी बँकेबाहेर उन्हात चपला ठेवून नंबर लावलेले मी पाहिलेत. चपला अंतर पाळून, बाया झाडाखाली एकत्र. आकडा लहान वाटतो, पण ज्या घरात रोजचा पैसा शून्य झाला तिथं हा पैसा परत द्यायचा नव्हता, यालाच किंमत.

व्यापाऱ्यासाठी जे आलं ते जवळजवळ सगळं परत द्यायचं होतं. २७ मार्चला रिझर्व्ह बँकेनं कर्जाचे हप्ते तीन महिने थांबवायची मुभा दिली आणि मेमध्ये ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली. दादाचा फोन.

"सहा महिने हप्ते माफ झाले म्हणं."

"माफ नाही दादा, थांबलेत."

"म्हंजी?"

म्हणजे असं. दादाचं कर्ज तेव्हा पाच लाख उरलं होतं, व्याज १२ टक्के, महिनाअखेरीला १६,६०७ चा हप्ता, असे ३६ हप्ते बाकी. महिन्याचं व्याज एक टक्का, म्हणजे पाच हजार. हप्ता भरला नाही की ते पाच हजार मुदलात मिसळतात आणि पुढच्या महिन्यात व्याज ५,०५,००० वर लागतं. सहा महिन्यांनी पाच लाखाचे झाले ५,३०,७६०. सप्टेंबरपासून हप्ता तोच ठेवला, तर ३६ ऐवजी ३८ पूर्ण हप्ते आणि वर ३९ वा साडेअकरा हजारांचा. म्हणजे सहा हप्ते पुढं ढकलायची किंमत साधारण ४५ हजार रुपये. हे वाईट का? नाही. दादाकडं एप्रिलमध्ये १६ हजार नव्हतेच. सावकाराकडून काढले असते तर महिना तीन-चार टक्के. त्यापेक्षा बँकेचा एक टक्का कधीही परवडला. माझी तक्रार वेगळी आहे. त्याच्या मोबाईलवर आला तो एक इंग्रजी मेसेज. हे गणित कुणीही मराठीतून सांगितलं नाही. आमच्या गल्लीत ज्यांच्याकडं हप्त्यापुरते पैसे होते त्यांनीही 'माफ' समजून भरले नाहीत.

पुढं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि दोन कोटींपर्यंतच्या कर्जांवर सहा महिन्यांचं व्याजावरचं व्याज सरकारनं परत केलं. दिवाळीच्या तोंडावर दादानं विचारलं, खात्यात काहीतरी जमा झालंय, काय आहे ते? साधं व्याज झालं असतं ३०,०००, चढत्या व्याजानं झालं ३०,७६०. परत आले ते मधले ७६०. पेपरात मोठा मथळा होता.

विजेचंही तेच. कारखान्यांना आणि व्यापाऱ्यांना बिलातला स्थिर आकार तीन महिने भरू नका असं वीज नियामक आयोगानं ३० मार्चलाच सांगितलं. भरू नका आत्ता, एवढंच. जालन्याच्या सळई कारखान्यांत भट्टी थंड असली तरी मंजूर वीजभारावरचा आकार चढतच राहतो, तिथं हा दिलासा मोठा वाटला, पण तोही पुढं ढकललेला. घरगुती मीटरचं रीडिंग बंद होतं. जूनमध्ये तीन महिन्यांचं बिल एकदम आलं तेव्हा सरकारी कचेऱ्यांपुढं लोक कागद फडकवत उभे होते.

एक गोष्ट मात्र मला त्यातल्या त्यात नीट आखलेली वाटली. मे महिन्यात केंद्रानं जाहीर केलं की ज्या धंद्यावर २९ फेब्रुवारीला जेवढं कर्ज बाकी, त्याच्या २० टक्के जादा कर्ज बँकेनं तारणाशिवाय द्यायचं, हमी सरकारची, पहिलं वर्ष फक्त व्याज. बँकांना व्याजाची मर्यादा ९.२५ टक्के. दादाला एक लाख मिळाले. त्यातले ऐंशी हजार त्याच दिवशी जालन्याला गेले, आणि शेठजींनी संध्याकाळी फोन करून सांगितलं की मी सुरतेला पाठवले. घाबरून बसलेली नोट उठली ती तेव्हा. पण नीट पाहिलं तर यातही एक मेख आहे : ज्याच्यावर आधी कर्ज, त्यालाच नवं कर्ज. आयुष्यात बँकेची पायरी न चढलेला, सगळा धंदा हातउसने आणि भिशीवर चालवणारा माणूस या योजनेला दिसतच नाही. हातगाडीवाल्यांसाठी १ जूनला १०,००० रुपयांची स्वनिधी योजना आली, तीही शहरातल्या फेरीवाल्यांची. खेड्यांच्या आठवडी बाजारात सोमवारी इथं, मंगळवारी तिथं बांगड्या मांडणारी बाई कोणत्या यादीत बसणार?

आणि जे कोणत्याच वहीत नव्हते ते चालत निघाले. ८ मेच्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या १६ मजुरांवरून मालगाडी गेली. मध्य प्रदेशातली माणसं, जालन्याच्या सळई कारखान्यातली, भुसावळकडं निघालेली. रुळांवर पोळ्या पडल्या होत्या. ते फोटो सगळ्यांनी पाहिलेत. मी त्यांच्याबद्दल एवढंच म्हणेन की स्थिर खर्च, हप्ता, उधारी ही सगळी गणितं ज्याला कुणीतरी उधार देतं त्याची आहेत. परमुलखातल्या मजुराला किराणावालाही उधार देत नाही. बीडच्या ऊसतोड मजुरांचंही थोडंफार तसंच, कारखान्याच्या फडात अडकलेले, पाठीवर मुकादमाची उचल. त्यांना एप्रिलच्या मध्यानंतर तपासणी करून गावी सोडलं.

मे महिन्यात साथीच्या जोरावरून जिल्ह्यांना रंग आले. मराठवाड्यात औरंगाबाद लाल, उस्मानाबाद हिरवं, बाकी सहा जिल्हे नारिंगी. नावं तेव्हाची आहेत, आता एक छत्रपती संभाजीनगर आणि दुसरं धाराशिव. हिरवं म्हणजे सुटलं असं वाटायचं, पण साखळीचं एक टोक हिरवं आणि दुसरं लाल असलं की हिरव्याचा फार उपयोग नसतो. माल ट्रकनं येईल, पण बस्त्याला येणारी माणसं ई-पासशिवाय जिल्ह्याची हद्द ओलांडू शकत नव्हती. तो पास सुटला सप्टेंबरात. मध्ये जुलैत औरंगाबादेत पुन्हा १० ते १८ कडक बंद पाळला.

जूनमध्ये दादाचं दुकान उघडलं, सकाळी नऊ ते पाच. मला वाटलं सुटलो. पण शटर उघडलं म्हणून गिऱ्हाईक येत नाही, हे गणित माझ्याकडून सुटलं होतं. लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा. पन्नासात मानाच्या साड्या कुणाला, आहेर कुणाचा? एक जोडपं आलं, मुलीचे आई-वडील. नवरीचा शालू, नवरदेवाचा ड्रेस, चार साड्या, संपलं. वडील गादीवर बसलेच नाहीत, उभ्या-उभ्याच म्हणाले, "एका अर्थानं बरंच झालं म्हणायचं, कर्ज काढावं लागलं नाही." दादानं मान हलवली. त्याला काय बोलावं कळेना, कारण त्या माणसाचं न काढलेलं कर्ज म्हणजेच दादाची न झालेली विक्री होती. एप्रिल ते जून त्या तिमाहीत देशाचं उत्पन्न २३.९ टक्क्यांनी घटल्याचा पहिला अंदाज निघाला, आणि त्यात वाढलेली होती ती एकटी शेती, ३.४ टक्के. तो पन्नास माणसांचा बस्ता त्या घटलेल्या आकड्यात कुठंतरी आहे.

दादा तगला तो तीन गोष्टींवर. वहिनीच्या पाटल्या सोनेतारणात गेल्या. दोन पोरांपैकी एक गावी शेतात गेला, दुसऱ्याला अर्धा पगार. आणि अस्तराच्या ताग्यांचे मास्क शिवले, गल्लीतल्या तीन शिलाई मशीनवर, नगाला चार रुपये मजुरी. त्यातून फार मिळालं नाही, पण पैसा रोज फिरला. उरलेल्या साड्या पुढच्या वर्षी खरेदीपेक्षा कमी भावात मोडल्या. तो तोटा. टाळेबंदीतला खरा तोटा वहीत चढला तो असा वर्षभरानं.

कर्जाचा ३९ वा हप्ता नोव्हेंबर २०२३ मध्ये भरला. मुळात फेब्रुवारीत संपायचं होतं. वहीचं मार्च २०२० चं पान मात्र अजून उघडंच आहे. त्यातल्या तीन नावांपुढं दादानं रेघ मारली, ती माणसं दुसऱ्या लाटेत गेली. बाकीच्यांतला एक जण परवा तुरीच्या विक्रीची पट्टी घेऊन मोंढ्यातून थेट दुकानात आला आणि विचारलं, "भाऊ, माझं किती निघतं तेव्हाचं?" दादानं पान काढलं. १,१४० रुपये.